शाकंभरी नवरात्राची तयारी: आधी वही काढा

सगळ्यात आधी वही आणि पेन. घट, माती, नारळ हे त्यानंतर. पौर्णिमेच्या नैवेद्याला आमच्याकडे साठ भाज्या लागतात (काही घरी एकशे आठ), आणि एवढी मोजदाद डोक्यात राहत नाही. २०२५ साली पौष पौर्णिमा आणि भोगी एकाच दिवशी आली, १३ जानेवारीला. भोगीच्या भाजीसाठी मंडईत झुंबड, मी यादीशिवाय गेलेले, आणि घरी येऊन मोजलं तर साठ काही भरेनात. त्यातही ढोबळी मिरचीचे तीन रंग तीन भाज्या म्हणून धरलेले. म्हणून सांगते, लिहा.

पंचांग बघून ठेवा. हे नवरात्र प्रतिपदेला नाही, पौष शुद्ध अष्टमीला बसतं आणि पौर्णिमेला उठतं. तिथीप्रमाणे दिवस कमी-जास्त होतात; त्या वर्षी ७ तारखेला बसलं, म्हणजे हातात सातच दिवस होते. तुळजापूरलाही याच अष्टमीला घट बसतात. बदामीजवळच्या बनशंकरीच्या जत्रेला जायचं असेल तर ती तयारी वेगळी. पौर्णिमेला तिथे रथ असतो आणि गर्दी अफाट, तेव्हा राहायची सोय आधी करा.

घटाचं सामान शारदीय नवरात्राचंच. फक्त थंडी लक्षात घ्या. आश्विनात गहू भराभर वर येतात, पौषात अडून बसतात. रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून, मोड डोकावल्यावरच मातीत घाला. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. गार मातीत बी कुजतं. नंदादीपाला तिळाचं तेल घ्या, कारण तूप आणि खोबरेल पहाटेच्या गारठ्यात थिजतं. माळेला शेवंती, झेंडू मिळतातच.

सगळे दिवस उपास की उठता-बसता (म्हणजे फक्त पहिल्या आणि शेवटच्या दिवशी), हे घरात आधी बोलून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर उठता-बसतासुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. नुसत्या साबुदाण्यावर राहू नका. वरई, राजगिरा, रताळी, ताक घरात असू द्या.

आता भाज्या. वहीत साठ आकडे घाला आणि जी भाजी प्रत्यक्ष घरात आली तिचंच नाव लिहा. ‘मिळेल’ म्हणून लिहायचं नाही. सुरण, कोनफळ, अळकुड्या, रताळी, बीट, लाल भोपळा, कोहळा हे अष्टमीलाच आणा, टिकतं. दुधी, दोडका, पडवळ, तोंडली, गवार, घेवडा, पावटा, तुरीच्या शेंगा द्वादशी-त्रयोदशीला. मेथी, चुका, चाकवत, करडई, अंबाडी, शेपू, हरभऱ्याचा पाला चतुर्दशीला संध्याकाळी, आणि त्याच रात्री निवडून कापडावर पसरा. केळफूल, कोनफळ, करडई ऐनवेळी मिळत नाहीत; भाजीवालीला चार दिवस आधी सांगा आणि सांगितल्याचंही वहीत लिहा. दोघं बाजारात जाणार असतील तर वहीच्या पानाचा फोटो दोघांकडे हवा, नाहीतर दोघंही पडवळच घेऊन येतात. कांदा, लसूण, कांद्याची पात नाही. मोड आलेली कडधान्यं धरायची की नाही, हे सासूबाईंना किंवा घरातल्या मोठ्यांना आधी विचारा, पौर्णिमेच्या सकाळी नाही.

दुर्गासप्तशतीच्या अकराव्या अध्यायात देवी (हीच शाकंभरी) सांगते की शंभर वर्षं पाऊस पडणार नाही, तेव्हा माझ्या देहातून उगवलेल्या भाज्यांवर मी पाऊस येईपर्यंत जगाला जगवीन. त्या देवीपुढे आकडा भरायला काहीबाही ठेवणं मला पटत नाही. एक काडी असली तरी चालेल, पण भाजी खरी हवी. त्यासाठीच वही.

साठ वेगवेगळ्या फोडण्या घालू नका. पालेभाज्यांची डाळ-दाणे घालून एक पातळ भाजी, शेंगांची एक, वेलभाज्यांची एक, कंदांची एक, कच्च्याच्या कोशिंबिरी. अळू आणि सुरण मात्र चिंच घालून वेगळं शिजवा. सगळ्यांत घातलं आणि कच्चं राहिलं तर अख्खं पातेलं घशाला खाजतं. नैवेद्याआधी चव घ्यायची नाही, तेव्हा मीठ चमच्याने मोजून घाला. भांड्यात टाकताना वहीत दुसरी खूण करा. मुळा, आवळा हमखास टोपलीच्या तळाशी राहून जातात.

पुढचं घरोघरी ठाऊक आहेच: पुरण, आरती, सवाष्ण, कुमारिका. सगळे दिवस उपास केलेल्यांनी आधी मऊ वरणभात खावा, कोशिंबिरी नंतर. उरलेलं त्याच दिवशी शेजारी वाटा, दह्यातलं तर आधी. घटात उगवलेलं धान दुसऱ्या दिवशी डोक्यात माळा, बाकीचं झाडांना घाला.