खानापूर-निपाणीकडे प्रॅक्टिस टाकताय? आधी सोसायटीचे मेंबर व्हा, मग हॉस्पिटल बघा

पीजी संपवून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात गायनॅक प्रॅक्टिस टाकणाऱ्यांसाठी लिहितेय. डिलिव्हरी, सिझेरियन तुम्हाला येतं, ते मी शिकवणार नाही. प्रॅक्टिस अडते ती कागदांपाशी, आणि कागदांचं कुणी पीजीत शिकवत नाही. तिथं आपली सोसायटी, म्हणजे गावच्या गायनॅक डॉक्टरांची संघटना, उपयोगी पडते.

बहुतेकांना वाटतं सोसायटी म्हणजे सीएमई (डॉक्टरांसाठीची व्याख्यानं), जेवण आणि क्रेडिट पॉइंट. फॉग्सी, म्हणजे गायनॅक डॉक्टरांची देशभरची संघटना, 1950 पासून आहे, ती लोकल सोसायट्या मिळून बनलेली फेडरेशन आहे, म्हणजे गावची मेंबरशिप घेतली की तुम्ही तिथं जोडले जाता. ट्रीटमेंटच्या गाइडलाइन्स मिळतात, मेडिकोलीगल अडचणीत कुणाला विचारायचं ते कळतं, छोट्या मॅटर्निटी होमसाठी 'मान्यता' नावाचा 16 स्टँडर्डचा प्रोग्राम आहे, त्यात नर्सनासुद्धा ट्रेनिंग मिळतं. तालुक्याला ट्रेंड नर्स मिळणं किती कठीण आहे ते इथं राहणाऱ्यालाच माहीत.

आता ज्यात मी अडकले ते सविस्तर सांगते, कंटाळा आला तरी वाचा.

आपल्याकडं नवीन बांधण्यापेक्षा रिटायर होणाऱ्या डॉक्टरांचं चालतं नर्सिंग होम घेणं सोपं वाटतं. पेशंट आहेत, स्टाफ आहे, सोनोग्राफी मशीन आहे, आणि मधला माणूस सांगतो की मॅडम सगळी लायसन्स क्लिअर आहेत, उद्यापासून बसा. पण पीसीपीएनडीटीचं, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखालचं, सोनोग्राफीचं रजिस्ट्रेशन ट्रान्सफर होत नाही. मालक बदलला, मॅनेजमेंट बदललं की जुनं सर्टिफिकेट परत द्यायचं आणि नव्या मालकानं फॉर्म ए भरून नव्यानं अर्ज करायचा. सोनोग्राफी सेंटरची फी 25,000 रुपये, आणि निकालासाठी अथॉरिटीला नियमानं 70 दिवसांची मुदत. तोपर्यंत त्या मशीनला हात लावायचा नाही. 'जुन्या सरांच्या नावावर चालवून घेऊ' हे वाक्य कुणी बोललं तर तिथून उठा. मशीन बदलायचं असो, जागा बदलायची असो, सोनोग्राफी करणारा डॉक्टर बदलायचा असो, 30 दिवस आधी कळवावं लागतं, नंतर नाही. हे सगळं मला कळलं तेव्हा करार झाला होता, बँकेचे हप्ते सुरू झाले होते, मशीन कापड घालून झाकून ठेवलेलं आणि माझे पेशंट स्कॅनसाठी बेळगावला जात होते. ते महिने फार वाईट गेले, रात्री झोप लागायची नाही. तेव्हा सोसायटीतल्या एका सीनियर मॅडमनी समोर बसवून अर्ज भरून घेतला, ॲफिडेव्हिट कसं करायचं, डिग्री आणि रजिस्ट्रेशनच्या कुठल्या कॉपी जोडायच्या ते दाखवलं. ऑफिसची पत्रं कन्नडमध्ये यायची, मला वाचता येत नव्हती, तीही त्यांनीच वाचून अर्थ सांगितला. एक पैसा घेतला नाही.

म्हणून लायसन्स काढून देणाऱ्या एजंटांवर माझा अजिबात विश्वास नाही. टायपिंग करून घ्या हवं तर, पण सही तुमची, केस झाली तर तीही तुमच्यावरच. एफ फॉर्मचा, म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी भरायच्या फॉर्मचा, एक रकाना रिकामा राहिला तरी कायदा आधी गुन्हाच धरून चालतो, तसं नाही हे सिद्ध करायचं ओझं डॉक्टरवर. याच्याविरुद्ध फॉग्सी सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, आणि मे 2019 मध्ये कोर्टानं याचिका फेटाळली. त्यामुळं 'नुसती क्लेरिकल चूक आहे, सोसायटी बघून घेईल' असं मनात आणू नका. सोसायटी वाचवत नाही, वेळेवर सावध करते. फॉर्म स्वतः तपासा, पेशंट टेबलवरून उठायच्या आधी तपासा, महिन्याचा रिपोर्ट पुढच्या 5 तारखेच्या आत द्या.

घाबरू नका पण. एकदा सवय लागली की जड जात नाही, आमची रिसेप्शनची मुलगी बारावी झालेली आहे, तीच आता मला रिकामा रकाना दाखवते.

महाराष्ट्रातून शिकून येणाऱ्यांनी अजून एक करायचं. कोल्हापूर-मिरजेला शिकलात, महाराष्ट्र कौन्सिलचा नंबर आहे, ठीक, पण इथं कर्नाटक मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आधी घ्या, त्यानंतर केपीएमई, म्हणजे खासगी दवाखान्यांसाठीचं कर्नाटकचं रजिस्ट्रेशन. केपीएमईची कमिटी जिल्ह्याला डीसींच्या (जिल्हाधिकाऱ्यांच्या) अध्यक्षतेखाली असते, बायोमेडिकल वेस्टचं पोल्यूशन बोर्डाकडं असतं. कुठला अर्ज आधी, कुठला नंतर, हे नुकताच त्यातून गेलेला मेंबर दहा मिनिटांत सांगतो.

मेंटॉरबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. सगळ्यात मोठ्या नावामागं लागू नका. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी बसलेल्या सरांचा हात सोन्याचा असेल, पण त्यांनी सुरुवात केली तेव्हा हे कायदेच नव्हते. तुमच्यापेक्षा पाच-सात वर्षं पुढं असलेला, तालुक्यातच प्रॅक्टिस करणारा माणूस धरा.

कन्सेंटचं थोडक्यात. सुप्रीम कोर्टाच्या 2008 च्या समीरा कोहली केसमध्ये लॅपरोस्कोपीची संमती होती आणि गर्भाशय काढलं गेलं, कोर्टानं ती संमती पुरेशी धरली नाही. आपल्याकडं एकाच वॉर्डात खानापूरची मराठी बाई, बैलहोंगलची कन्नड बाई आणि उर्दू बोलणारी बाई असते. छापील इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेऊन काही उपयोग नाही. सोसायटीच्या मेंबरांकडं मराठी, कन्नड दोन्ही मसुदे असतात, मागून घ्या, आपल्या पेशंटला कळतील असे करून घ्या.

इंडेम्निटी, म्हणजे पेशंटनं दावा केला तर कामी येणारा विमा, पहिल्या दिवसापासून काढा आणि मध्ये खंड पडू देऊ नका, कारण या पॉलिसी क्लेम कधी आला त्यावर चालतात, आणि रिन्यूअल चुकलं की मागच्या वर्षांचं कव्हर जाऊ शकतं. आयएमएच्या किंवा आपल्या सोसायटीच्या ग्रुप स्कीम विचारा, पण पॉलिसीतली रेट्रोॲक्टिव्ह तारीख (मागच्या कुठल्या तारखेपासूनचं काम कव्हर होतं ती) स्वतः वाचा.

आणि कुठलं नर्सिंग होम बघून ठेवलं असेल तर टोकन द्यायच्या आधी त्याची फाईल घेऊन पुढच्या मीटिंगला या. सर्टिफिकेटवर कुणाचं नाव आहे, मशीनचा सीरियल नंबर जुळतो का, मुदत कधी संपते, एवढं कुणीही सीनियर चहा पितापिता बघून देईल. लाजू नका, विचारा.