मुंबई मॅरेथॉन झाली, आता ऑफ सीझनचं टार्गेट कसं ठरवायचं

जानेवारीत रेस संपली की दोन दिवसांत रनिंग ग्रुपवर सुरू होतं, पुढच्या वर्षी फुल सब-फोर (४२ किलोमीटर चार तासांच्या आत), हाफ सब-टू (२१ किलोमीटर दोन तासांच्या आत). ठरवा की, पण ते रेसचं टार्गेट झालं. ऑफ सीझनचं, म्हणजे पुढच्या रेसची तयारी सुरू होईपर्यंतच्या महिन्यांचं टार्गेट असं हवं की मे महिन्यातल्या कुठल्याही मंगळवारी त्यासाठी काहीतरी करता येईल आणि महिन्याअखेरीस जमलं की नाही ते सांगता येईल.

पहिले दोन-तीन आठवडे मात्र काहीच ठरवू नका. चाला, पोहा, सायकल काढा, झोप पूर्ण करा. स्टॅमिना थोडा उतरेल, उतरू दे, तो लवकर परत येतो, पण दुखरा पाय घेऊन फेब्रुवारीतच मायलेज (आठवड्याचे किलोमीटर) वाढवलं तर तो अख्खा सीझन खातो.

मग शांतपणे बसून घड्याळातला रेसचा डेटा उघडा. फुल केली असेल तर ३० किलोमीटरच्या आधीचा आणि नंतरचा पेस (एका किलोमीटरला लागलेला वेळ) बघा, आणि शेवटच्या टप्प्यात पेडर रोडच्या चढावर काय झालं तेही आठवा. ढोबळमानाने सांगतो, सुरुवातीपासूनच धाप लागत होती आणि हार्ट रेट चढत गेला तर बेस (दमाचा पाया) कच्चा आहे (किंवा सुरुवात फार जोरात केली, हे प्रामाणिकपणे तपासा). श्वास ठीक होता पण पोटऱ्या, मांड्या बोलायला लागल्या तर ताकद कमी पडली. आणि एकदम बॅटरी उतरल्यासारखं झालं असेल तर बहुतेक खाण्यापिण्याचं गणित चुकलंय. यातली एकच गोष्ट मुख्य धरा, फार तर दोन. पाच गोष्टी लिहिल्या की एकही होत नाही.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न म्हणजे ऊन. एप्रिल-मेमध्ये त्याच पेसला हार्ट रेट जास्त येतो, दमटपणात तर अजूनच, आणि लोकांना वाटतं फिटनेस गेला. गेलेला नसतो, शरीर गार ठेवायलाच हृदयाला जास्त काम पडतं. म्हणून उन्हाळ्यात पेसचं टार्गेट ठेवूच नका, ताकदीचं ठेवा. आठवड्यातून दोन दिवस स्क्वॅट, लंज, स्टेप-अप, डेडलिफ्ट, प्लँक. मोजायला सोपं म्हणजे एका पायावर उभं राहून टाच उचलणं, मेअखेरीस प्रत्येक पायावर सलग २५ व्हायला हवेत, घाई न करता, पूर्ण वरपर्यंत. रनिंग पहाटे, हळू, गप्पा मारता येतील इतकं हळू. आणि याच दिवसांत डॉक्टरांशी बोलून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), व्हिटॅमिन डी तपासून घ्या, बायकांनी आणि शाकाहारी मंडळींनी तर नक्कीच, कारण लोह कमी असेल तर कितीही ट्रेनिंग करा, दम लागतच राहतो.

जून ते सप्टेंबर हा बेसचा काळ. हवा जरा गार होते, पावसात पळायला मजाही येते, फक्त शेवाळलेल्या रस्त्यावर जपून. इथे टार्गेट असं लिहा: एकच ठरलेला सपाट रूट, तीच वेळ, तोच हार्ट रेट, महिन्यातून एकदा पळायचं आणि लागलेला वेळ वहीत लिहायचा. जुलैची तुलना ऑगस्टशी करा, एप्रिलशी नको. आठवड्यातले बहुतेक किलोमीटर सोपेच राहू देत, एक दिवस टेकडी, पुण्यात असाल तर वेताळ टेकडी किंवा तळजाई आहेच.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन करणार असाल तर तिथे पीबीच्या (स्वतःच्या सर्वोत्तम वेळेच्या) मागे लागू नका, यवतेश्वरचा घाट न थांबता चढणं आणि उतारावर गुडघे शाबूत ठेवणं एवढंच टार्गेट पुरे.

शेवटी कॅलेंडरवर रेसपासून १६ आठवडे मागे मोजा, साधारण सप्टेंबरचा शेवट येतो. वेळेचं टार्गेट त्या आठवड्यात ठरवा, वहीतले आकडे समोर ठेवून, आणि ताकदीचा एक दिवस तेव्हाही चालू ठेवा.