बॅरीच्या पाथरवटाचं मूळ गाव कसं सापडलं

नवऱ्याचे खापरपणजोबा ग्रॅनाइटचे पाथरवट, स्कॉटलंडहून व्हरमाँटमधल्या बॅरीला आलेले. अमेरिकन जनगणनेत जन्मस्थळ नुसतं ‘स्कॉटलंड’, आणि नाव-आडनाव इतकं सर्रास की जन्मनोंदी चाळायला बसलं तर जन्म जाईल.

गाडं हललं ते १९०० च्या जनगणनेमुळे. लग्नाला किती वर्षं झाली आणि देशात कधी आलात, दोन्ही त्यात विचारलंय. वजाबाकी केली तर लग्न आधीचं, म्हणजे बहुधा तिकडचंच! स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून सरकारी नोंदणी सक्तीची. लग्नाच्या दाखल्यात दोघांच्याही आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, वडिलांचा धंदासुद्धा. ‘स्कॉटलंड्सपीपल’ या सरकारी साइटवर नवरा-बायकोची नावं जोडीने टाकली आणि अ‍ॅबर्डीनचा दाखला निघाला. वराचे वडीलही पाथरवटच.

थोरल्या मुलाचं नावही जुळलं. तिकडेही थोरल्याला आजोबांचं, म्हणजे बापाच्या बापाचं नाव ठेवायची रीत होती. सगळेच पाळत नसत, तेव्हा एवढ्यावर विसंबू नये.

१८५५ आधीच्या चर्चच्या वह्यांत लग्नाच्या नोंदीला आईवडिलांची नावं सहसा नसतात. त्यापेक्षा वराच्या वडिलांचा मृत्युदाखला काढावा. तो १८५५ नंतरचा असेल तर बहुतेक वेळा त्यांच्याही आईवडिलांची नावं मिळतात.