होस्टेलच्या जिन्यापासून घरच्या धाब्यापर्यंत: फोनवर कॅम्पसचं वायफाय आणि व्हीपीएन

जुलै संपत आला की होस्टेल भरायला लागतं. साक्री, तळोदा, रावेर, चोपडा, जिकडून तिकडून पोरं-पोरी गाद्या, बादल्या आणि घरच्या कळण्याच्या पिठाची पिशवी घेऊन येतात. मग पहिल्या दोन-तीन दिवसांतच जिन्यात कोणीतरी अडवतं, "भाऊ, मन्हं वायफाय लागतच नही. पासवर्ड बराबर शे, तरी काबर व्हत नही?"

मी पारोळा तालुक्यातला. पहिल्या वर्षी मीही असाच अडलो होतो. संगणक केंद्राच्या खिडकीवर विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "तुमचा फोन स्वस्तातला आहे, यावर नाही चालणार." घरी तेव्हा बियाणं-खतात पैसा गेलेला, नवीन फोनचा विषय काढणंच शक्य नव्हतं. महिनाभर मी मोबाइल डेटावर काढला. नंतर एका सीनियरताईने माझा फोन पाहिला आणि दोन मिनिटांत लावून दिला. फोन ठणठणीत होता, एक रकाना रिकामा राहिला होता. त्या महिन्याची चुटपुट अजून आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय. नवीन फोनसाठी घरी शब्द टाकण्याआधी एवढं करून पाहा.

घरच्या वायफायला एकच पासवर्ड असतो, तो सगळ्या घराचा. कॅम्पसवर प्रत्येकाचं खातं वेगळं. फोन तुमची ओळख ॲक्सेस पॉइंटकडे, म्हणजे वायफाय देणाऱ्या डबीकडे देतो, ती डबी ती मागच्या रेडियस सर्व्हरकडे, म्हणजे खाती तपासणाऱ्या संगणकाकडे पाठवते आणि सर्व्हरने होकार दिला तरच दार उघडतं. या पद्धतीला डब्ल्यूपीए२ एंटरप्राइझ म्हणतात. फोन इतके रकाने दाखवतो ते याचसाठी.

परवा साक्रीच्या एका मुलीचा फोन पाहिला. सगळं भरलेलं, पण 'सेव्ह' बटण राखाडीच. वरपासून सुरुवात केली. ईएपी मेथडमध्ये पीईएपी, फेज २ मध्ये एमएसचॅपव्ही२. बहुतेक ठिकाणी हीच जोडी असते, तरी आपल्या संगणक केंद्राची सूचना आधी वाचायची, कारण काही संस्था टीटीएलएस ही दुसरी पद्धत वापरतात. सीए सर्टिफिकेटमध्ये 'सिस्टिम सर्टिफिकेट वापरा'. त्याच्या खाली 'डोमेन' हा रकाना होता, तोच रिकामा. माझाही हाच राहिला होता. अँड्रॉइड ११ नंतरच्या बहुतेक फोनांत सिस्टिम सर्टिफिकेट निवडलं की डोमेन लिहिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. तिथे संस्थेच्या सर्व्हरचं डोमेन लिहायचं, आणि ते संगणक केंद्राकडूनच घ्यायचं, अंदाजाने टाकायचं नाही. आयडेंटिटी म्हणजे तुमचं युजरनेम. पुष्कळ ठिकाणी ते ॲट चिन्ह आणि संस्थेच्या पत्त्यासकट पूर्ण लिहावं लागतं, नुसता रोल नंबर चालत नाही. अ‍ॅनॉनिमस आयडेंटिटीबद्दल सूचना नसेल तर तो रकाना मोकळा सोडा. तिने डोमेन लिहिलं, बटण निळं झालं आणि वर वायफायची खूण आली. तिने लगेच घरी व्हिडिओ कॉल लावला.

आता एक गोष्ट मनापासून सांगतो. काही फोनांत सर्टिफिकेटच्या रकान्यात 'पडताळणी करू नका' असा पर्याय अजून दिसतो, आणि पोरं एकमेकांना तोच सांगतात, कारण त्याने पटकन जोडलं जातं. तो निवडू नका. सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरने आपली ओळख फोनला पटवून देणं. ते तपासलंच नाही, तर कोणीही कॅन्टीनमध्ये बसून कॅम्पसच्याच नावाचं वायफाय उभं करू शकतो. तुमचा फोन त्याला खरं समजून लॉग इन करायला जातो, आणि त्या देवाणघेवाणीतून पासवर्ड शोधून काढता येतो. तोच पासवर्ड बहुधा ईमेलला असतो, निकालाला असतो आणि व्हीपीएनलाही असतो. आयफोनवर पहिल्यांदा जोडताना सर्टिफिकेट दाखवून 'ट्रस्ट' विचारतात. तिथेही सर्व्हरचं नाव वाचून मगच होकार द्या.

सगळं बरोबर भरूनही जोडलं नाही, तर आधी फोनची तारीख-वेळ बघा. बॅटरी पूर्ण उतरून तारीख मागे गेली असेल तर सर्टिफिकेट चुकीचं ठरतं. संस्थेत फोनची नोंदणी मॅक पत्त्याने, म्हणजे फोनच्या वायफायच्या ओळख क्रमांकाने होत असेल तर आणखी एक अडचण येते. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खरा मॅक लपवून बनावट पत्ता देतात. त्या नेटवर्कच्या प्रायव्हसीत जाऊन 'डिव्हाइस मॅक' निवडायचा. पाहुण्यांच्या वायफायला लॉग इनचं पान उघडत नसेल तर 'प्रायव्हेट डीएनएस' तेवढ्यापुरता बंद करून पाहा.

एज्युरोम नावाचं, अनेक संस्थांचं सामाईक नेटवर्क दिसलं तर तेही आपल्या गावीच, म्हणजे आपल्या संस्थेत असतानाच लावून ठेवा. युरोपात २००३ मध्ये सुरू झालेली ही व्यवस्था भारतात अर्नेट इंडिया सांभाळते. तुमची संस्था त्यात असेल, तर कार्यशाळेला दुसऱ्या सहभागी संस्थेत गेल्यावर तुमच्याच युजरनेम-पासवर्डवर तिथलं वायफाय चालतं.

माझ्याकडून झालेली एक चूकही सांगायला हवी. दुसऱ्या वर्षी मी पासवर्ड बदलला, रोजच्या फोनमध्ये नवा टाकला आणि कपाटात चार्जिंगला लावलेला जुना फोन विसरलो. तो फोन रात्रभर जुना पासवर्ड पाठवत राहिला. सकाळी खातं बंद. वायफाय गेलं, ईमेल गेलं, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाची तारीख तोंडावर. शुक्रवारी अडकलेलं खातं सोमवारी उघडलं. पासवर्ड बदलला की ज्या ज्या फोनवर, लॅपटॉपवर तो साठवलेला आहे, तिथलं नेटवर्क आधी 'फर्गेट' करा.

व्हीपीएनची खरी गरज मला मे महिन्यात कळली. सुट्टीत घरी गेलो. आमच्याकडे मे म्हणजे दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. सिग्नल मिळतो तो धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, तोही ऊन कलल्यावर. खाट वर नेली, फोन उशाशी ठेवला आणि मार्गदर्शकांनी सांगितलेला शोधनिबंध उघडला, तर पानावर पैसे मागितलेले. होस्टेलमध्ये तोच निबंध फुकट उघडायचा. कारण साधं आहे. प्रकाशक तुमचं नाव पाहत नाही, विनंती कुठल्या आयपी पत्त्यावरून आली तेवढं पाहतो. कॅम्पसचा पत्ता त्याच्या यादीत असतो, माझ्या सिमकार्डचा नसतो. व्हीपीएन तुमच्या फोनपासून कॅम्पसपर्यंत एक बंदिस्त वाट तयार करतं, म्हणजे धाब्यावरून केलेली विनंती कॅम्पसमधून गेल्यासारखी दिसते.

इथे पुष्कळ नवखे प्ले स्टोअरवरचं कुठलंही फुकटचं व्हीपीएन उतरवतात. त्याने निबंध उघडत नाही, कारण ते तुम्हाला भलत्याच देशाचा पत्ता देतं. शिवाय तुमची सगळी ये-जा एका अनोळखी कंपनीच्या हाती जाते. तुमच्या कामाचं व्हीपीएन एकच, संस्थेने दिलेलं.

ते कसं लावायचं हे संस्थेवर अवलंबून आहे. कुठे फायरवॉल कंपनीचं ॲप असतं, कुठे ओपनव्हीपीएनची फाइल देतात, कुठे फोनच्याच सेटिंगमध्ये आयकेईव्ही२ हा व्हीपीएनचा प्रकार निवडून माहिती भरायची असते. जुनं माहितीपत्रक हाती आलं आणि त्यात एल२टीपी हा जुना प्रकार लिहिलेला असेल, तर डोकेफोड करत बसू नका. अँड्रॉइड १२ पासून तो पर्याय नव्याने जोडताच येत नाही. केंद्राला नवी पद्धत विचारा. जोडल्यावर दर पाच मिनिटांनी तुटत असेल, तर त्या ॲपला बॅटरी सेटिंगमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. स्क्रीन बंद झाली की पुष्कळ फोन मागची ॲप मारून टाकतात. निबंध उतरवून झाला की व्हीपीएन बंद करा, नाहीतर व्हिडिओसुद्धा कॅम्पसमार्गे फिरून येतो आणि काही बँकांची ॲप कुरकुर करतात.

प्रत्येक वेळी व्हीपीएन लागतंच असंही नाही. शोधगंगा या संकेतस्थळावरचे पीएचडीचे प्रबंध सर्वांना खुले आहेत. तुमची संस्था इन्फेडमध्ये, म्हणजे विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या सामाईक लॉग इन व्यवस्थेत असेल, तर प्रकाशकाच्या पानावर 'संस्थेमार्फत लॉग इन' निवडून नुसत्या ब्राउझरमध्येही काम होतं. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्र सरकारची सामाईक वर्गणीची योजना सुरू झाली आहे. त्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं आहेत. आपली संस्था त्यात आहे का, हे ग्रंथालयात विचारून घ्या.

सुट्टीला निघायच्या किमान चार दिवस आधी व्हीपीएन लावा. खातं सुरू करणं, फाइल उतरवणं ही कामं काही ठिकाणी कॅम्पसच्या आतूनच होतात, आणि ओटीपी ज्या नंबरवर येतो तो नंबर चालू हवा. पोरं गावाकडचं सिम घेतात आणि नोंद जुन्याच नंबरची राहते. चाचणी मात्र कॅम्पसच्या वायफायवर करू नका. तिथे व्हीपीएन नसतानाही निबंध उघडतोच, त्यातून काहीच कळत नाही. वायफाय बंद करा, मोबाइल डेटा चालू करा, मग व्हीपीएन जोडा आणि पैसे मागणारं एखादं पान उघडून बघा.

तरीही अडलं तर संगणक केंद्राला मेल करा. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, युजरनेम, किती वाजता प्रयत्न केला आणि स्क्रीनवर आलेल्या संदेशाचा स्क्रीनशॉट एवढं लिहा. वेळ नेमकी दिली की त्यांना सर्व्हरच्या नोंदीत तुमचा प्रयत्न सापडतो. पासवर्ड लिहू नका, कोणी मागितला तरी.