नवीन शब्द लिहिताय? आधी बोलून बघा

मागच्या सीझनला तारकर्लीत ओळखीच्यांच्या होमस्टेचं पत्रक लिहून देत होतो, त्यात स्कूबा डायव्हिंगला ऐटीत 'जलनिमज्जन' घातलं. बोटवाल्या काकांनी वाचलं, म्हणाले, "मेल्या, हय गणपती बुडवतत की माणसां?" गपचूप स्कूबा परत लिहिलं.

तेव्हापासून नवा शब्द वापरायचा तर आधी मोठ्याने बोलून बघतो, तोही प्रत्यय लावून. संगणकाला, संगणकावर हे सहज येतं, भ्रमणध्वनीवरून म्हणेपर्यंत पुढचा माणूस मोबाईल काढून मोकळा होतो. मग लिंग. 'तो ॲप' की 'ते ॲप', काय ते एकदाच ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा.

संस्कृत जोडत बसायच्या आधी घरातलं बघा. एमटीडीसीच्या योजनेतलं 'निवास व न्याहारी' बघा ना, न्याहारी आपली जुनीच, फक्त काम नवीन दिलं, बोर्ड वाचून कोणी अर्थ विचारत नाही. आणि जे रुळलंय ते उगाच बदलू नका, पाव, बटाटा, पगार सगळं पोर्तुगीजांकडून आलेलं, हापूससुद्धा मूळचा अल्फान्सो, आता काय त्याचं भाषांतर करणार?

घडवलेले शब्द चालतच नाहीत असं नाही हां. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, तिथूनच भाषाशुद्धीचं काम जोरात केलं, महापौर, दिनांक हे शब्द त्यांचेच. पण गंमत बघा, फॉर्मवर दिनांक लिहिणारा माणूस तोंडाने मात्र 'आज तारीख काय रे' असंच विचारतो! म्हणजे शब्द फॉर्मवर जाणार की गप्पांत, ते आधी ठरवायचं.

शब्द अगदीच अनोळखी असेल तर आधी गोष्ट दाखवा, नाव मागून. त्याच पत्रकात मी लिहिलं, 'काही रात्री लाट फुटली की पाण्यात निळा उजेड चमकतो, सूक्ष्म जीवांमुळे होणारी ही जीवदीप्ती.' कंस नाही, तळटीप नाही. पुढच्या दोन-तीन ओळींत तोच शब्द परत येऊ द्या, मध्येच 'जैवप्रकाश' वगैरे लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल ही दुसरीच काहीतरी भानगड आहे. अवतरणचिन्हं दिलीच तर फक्त पहिल्यांदा. काकांना परत वाचायला दिलं, ह्या वेळी नुसतं विचारलंन, "रातची बोट लावूची काय मगे?"