भाड्याचं घर आणि टीव्ही लायसन्सचं पत्र (माझा अनुभव)

इंग्लंडमध्ये लेस्टरला भाड्याच्या घरात शिरलो त्याच आठवड्यात दारात टीव्ही लायसन्सचं (तिकडे टीव्ही बघण्यासाठी भरावी लागणारी वार्षिक फी) पाकीट. नावाच्या जागी नुसतं ‘लीगल ऑक्युपायर’ (घरात कायदेशीरपणे राहणारा), आत १,००० पौंडांपर्यंत दंडाचा इशारा. घरात टीव्हीच नाही, म्हणून फ्रिजवर ठेवून दिलं. पण लायसन्स टीव्हीच्या खोक्याचं नसतंच! लॅपटॉपवर कुठलाही चॅनेल लाइव्ह किंवा बीबीसी आयप्लेअर (बीबीसीचं ऑनलाइन कार्यक्रम बघायचं अ‍ॅप) पाहिला तरी लागतं, आणि आमचा एक रूममेट आयपीएलची एकही लाइव्ह मॅच सोडत नव्हता. घरमालकाला विचारलं, तर ‘ते तुमचं तुम्ही बघा’. नशीब, करारावर तिघांची नावं एकत्र होती, म्हणून घराला एकच लायसन्स पुरलं. खोलीगणिक वेगळे करार असते तर प्रत्येकाला वेगळं. १७४.५० पौंड (२०२५ चा दर) तिघांत वाटून ऑनलाइन भरले. पत्रं थांबली.