फोम नव्हता तेव्हा: पक्ष्याचं शरीर बांधायची जुनी रीत

मेलेल्या पक्ष्या-प्राण्याचं कातडं जतन करून तो जिवंतासारखा उभा करण्याच्या कामाला टॅक्सिडर्मी म्हणतात. त्यासाठी तयार फोमचं शरीर विकत आणायचं आणि त्यावर कातडं चढवायचं, ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली सोय. त्याआधी आतलं शरीर बहुतेक हातानेच घडवावं लागे. लहान पक्ष्यांसाठी मी आजही तेच करते. फोमच्या मापाला कातडं जुळवून घ्यावं लागतं. बांधलेलं शरीर मात्र त्या एका पक्ष्याच्या मापाचंच होतं.

पेंढा भरणं हा प्रकार निराळा. कातडं शिवून त्यात जागा मिळेल तिथे गवत कोंबत. ओलं कातडं ताणतं, कोंबणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळत नाही, आणि पोट फुगलेले, मान सुजलेले प्राणी तयार होतात. ती रीत शिकायची गरजच नाही.

शिकायला तलंग, म्हणजे तरुण कोंबडी घ्या. कोंबड्याचा तुरा वाळून आक्रसतो आणि काळा पडतो. तलंगेला तो त्रास जवळपास नसतो. कबुतर टाळा, त्याचं कातडं फार पातळ असतं आणि पिसं हात लावताच गळतात. रानपक्षी तर नकोच. तो मेलेला सापडला तरी अनेक देशांत परवानगीशिवाय उचलता येत नाही.

छातीच्या हाडावरून खाली चीर द्या आणि ओल दिसेल तिथे मक्याचं पीठ किंवा लाकडाचा भुसा टाकत सोला. पिसांना रक्त-चरबी लागली तर पुढचं अर्धं काम धुण्यातच जातं. कवटी, पंखांची आणि पायांची हाडं कातड्यातच राहू द्या. मेंदू, डोळे, जीभ आणि स्नायू काढा. चरबी बोथट सुरीने खरवडा. ती राहिली तर वर्षा-दोन वर्षांनी तेल होऊन पिसांत उतरते.

सोललेलं धड लगेच टाकू नका. हाच या रीतीचा प्राण आहे. ते कागदावर कुशीवर ठेवून पेन्सिलने बाह्यरेषा काढा, मग पाठीवर ठेवून दुसरी. मान कुठून निघते, मांडी कुठे जोडलेली होती, त्या जागी खुणा करा. मानेची लांबी मोजा. छातीचा घेर दोऱ्याने घ्या.

आता लाकडी लोकर घ्या. काचसामानाच्या खोक्यात भरतात ते लाकडाचे शेवयांसारखे लांब तंतू. किंचित ओलसर करून मूठभर गोळा घट्ट वळा आणि त्याभोवती सुती दोरा गुंडाळायला लागा. एका हाताने गोळा फिरवत राहायचं, दुसऱ्याने दोरा ताणून धरायचा. जिथे खोलगट वाटेल तिथे थोडी लोकर ठेवा, पुन्हा दोरा. छातीच्या हाडाची धार बोटांनी चिमटून काढा, मांडीच्या जागी दोरा जास्त आवळून खळगा करा. अंगठ्याने दाबल्यावर दबलं तर ते सैल आहे. सोडा आणि पुन्हा बांधा. मधूनमधून कागदावरच्या रेषेवर ठेवून बघा. रेषेच्या जरा आतच राहिलं पाहिजे. मोठं झालं तर शिवण जुळत नाही, आणि जुळवलीच तर पिसं उभी राहतात.

मानेसाठी दोन्ही टोकं कानशीने धारदार केलेली तार घ्या, तिच्यावर अंबाडीचा वाख गुंडाळा. एक टोक कवटीतून कपाळाबाहेर काढा. दुसरं धडातून आरपार नेऊन पक्कडीने वळवा आणि परत धडात रुतवा. नुसतं खोचलेलं टोक पुढे हलायला लागतं. पायाची तार तळव्यातून, खवलेदार भागाच्या मागच्या बाजूने वर घ्या, हाडाला बांधा आणि काढलेल्या मांसाच्या जागी वाख गुंडाळा. ही तार धडात साधारण मध्यावर बाजूने घालायची. मागे घातली की पक्षी तोंडावर पडायला आल्यासारखा दिसतो, आणि मग कितीही वाकवा, तोल येत नाही.

कातडं टिकवण्याचा भाग मात्र जुन्यांसारखा करू नका. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या मेत्झ शहरात बेकूर नावाच्या औषधविक्याने सोमल (आर्सेनिक, एक जहाल विष), साबण, कापूर, चुना आणि पोटॅशचा क्षार यांचा लेप बनवला आणि त्याची कृती जन्मभर गुप्त ठेवली. त्याच्या मृत्यूनंतर ती बाहेर आली आणि सगळीकडे रूढ झाली. कसर आणि कातडं खाणारे किडे त्यामुळे दूर राहिले. त्याआधीचे पक्षी फार थोडे उरलेत. 1702 साली वारलेल्या डचेस ऑफ रिचमंडचा राखी पोपट लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये आहे. क्ष-किरणांत त्याचा सांगाडा आतच दिसतो. सोमलाऐवजी मी टाकणखाराची (बोरॅक्सची) पूड कातड्याच्या आतल्या बाजूला चोळते. तिचा धाक कमी, म्हणून पक्षी काचेच्या बंद पेटीत ठेवावा लागतो. जुना नमुना हाती आला तर तपासणी होईपर्यंत त्यात सोमल आहेच असं धरा: हातमोजे, मास्क, आणि झटकणं बंद.

शिवताना सुई नेहमी आतून बाहेर काढा, नाहीतर पिसं टाक्यात ओढली जातात. डोळ्यांच्या खोबणीत चिकणमाती भरून काचेचे डोळे बसवा. पंख टाचण्यांनी धरा आणि सगळ्या अंगाभोवती बारीक दोरा सैलसर फिरवून पिसं वाळेपर्यंत जागेवर ठेवा.

मोठ्या जनावरांचं काम याच तत्त्वावर, पण सुताराच्या हाताने चाले: मधे फळी, पायांना लोखंडी सळ्या, वर बांधलेली लोकर, त्यावर माती. 1885 साली रेल्वेखाली मेलेला सर्कशीतला प्रसिद्ध जम्बो हत्ती लाकडी सांगाड्यावर चढवला गेला. त्या कामावर असलेल्या कार्ल एकली याने पुढे मातीत स्नायूंसकट प्राणी घडवून, त्याचा प्लास्टरचा साचा घेऊन, आत कागदाचा लगदा आणि जाळी यांचं पोकळ, हलकं शरीर काढायची पद्धत रूढ केली. घरी एकट्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. प्लास्टरचंच वजन आवरत नाही.

वाळल्यावर दोरा कापा, टाचण्या काढा, आणि बैठकीच्या तळाला चिठ्ठी चिकटवा: पक्षी कुठून आला, आत काय बांधलंय, कातड्याला काय लावलंय. सोमल वापरलेला नाही, हे ठळक अक्षरांत लिहा.